अर्धा कोयता आणि न्यूट्रिनो

माझ्या फायलीत तीन कागद एकत्र टाचून ठेवलेले आहेत. पहिला एम.एस्सी.च्या प्रबंधिकेतलं पान सतरा, त्यावर एक टंकलिखित कोष्टक. दुसरा वहीचा कागद, त्याच कोष्टकाची दुरुस्ती, माझ्या अक्षरात. तिसरा ऊसतोडीच्या टोळीची यादी, कार्बन लावून काढलेली तिसरी प्रत, शाई पसरलेली. तिन्ही कागद एकाच दिवाळीच्या मागंपुढंचे आहेत. पहिल्या कागदावर माझी एक चूक आहे. ती मी कधी खोडली नाही आणि खोडणारही नाही.

यादी करायची सवय मला ऊसतोडीनं लावली. आमचं गाव राणीसावरगावच्या बाजूचं. दिवाळी झाली की निम्मं गाव सहा महिन्यांसाठी ऊस तोडायला जायचं. मी गंगाखेडला मावशीकडं राहून शिकायची, पण निघायच्या वेळी गावी यायची, कारण काय बांधायचं, काय शेजारी ठेवायचं, हे घरात मीच लिहायची. सहावीत असताना मुकादमानं मला बोलावलं. मुकादम म्हणजे टोळी जमवून कारखान्यावर नेणारा माणूस. आमच्या मुकादमाला सही येत होती, बाकी काही लिहिता येत नव्हतं. तेव्हापासून टोळीची यादी दरसाल माझ्या अक्षरात जायची.

त्या यादीची रीत अशी होती. एक ओळ म्हणजे एक कोयता. कोयता हे हत्यार खरं, पण टोळीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधून डोक्यावर वाहायची. दोघं मिळून एक. ओळीत नाव नवऱ्याचं, पुढं आकडा एक. बायको त्या आकड्यात धरलेली असायची, तिचं नाव लागायचं नाही. एकट्या माणसापुढं मी अर्धा लिहायची. अर्धा कोयता कुणाला नको असायचा. पूर्ण भरल्यावर जागा उरली तरच घ्यायचे.

हे मी बारा वर्षं लिहिलं आणि त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

एम.एस्सी.ला मी परभणीला गेले. वर्षं नामांतराची. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न चिघळलेला, त्यामुळं कधी बंद, कधी मोर्चा, कधी एस.टी. अर्ध्या रस्त्यातून परत. आमच्या वर्गाचं वेळापत्रक तीनदा बदललं. वर्गातली काही पोरं म्हणायची, "एका नावासाठी एवढं कामून?" मला तेव्हा उत्तर सुचत नव्हतं. एवढंच दिसत होतं, की हे विचारणाऱ्यांची स्वतःची नावं सगळ्या याद्यांत आधीपासून होती.

शेवटच्या वर्षी प्रबंधिका लिहायची होती. सरांनी फळ्यावर अकरा विषय लिहिले. द्रवांतला ध्वनीचा वेग, काळ्या मातीची विद्युतवाहकता, सौर चूल, असेच सगळे. मी उठले, खडू घेतला आणि खाली बारावा विषय लिहिला: प्रमाण प्रतिकृतीच्या पलीकडे, न्यूट्रिनोचं वस्तुमान.

सर पाथरीकडचे. शाळा उर्दूत झालेली, त्यामुळं रागावले की शब्द तिकडचे यायचे. ते म्हणाले, "याला उपकरण काय लागतं?"

"कागद, सर."

"आणि गाईड?"

"तुम्ही."

"मला यातलं ठाऊक नाही."

"तुमच्या कपाटात उन्हाळी शिबिराच्या सायक्लोस्टाइल नोट्स आहेत. अठ्ठेचाळीस पानं. मी दोनदा वाचल्या."

सरांनी कपाटाकडं पाहिलं. "कुलूप होतं ना त्याला?"

"किल्ली शिपायाकडं असते."

ते थोडं हसले. मग म्हणाले, "मंजूर. पण जिम्मा तुझा. बाहेरचे परीक्षक येतील, त्यांनी झापलं तर मी मध्ये पडणार नाही."

वर्गातल्या मुलांनी मला 'पलीकडची' म्हणायला सुरुवात केली. पाणी पलीकडं आहे का, डबा पलीकडं ठेवला का. माझ्याकडं करायच्या कामांची यादी होती, आणि त्यात त्यांना उत्तर देणं हे काम नव्हतं.

विषय थोडक्यात सांगते. जगातले मूळ कण आणि त्यांच्यातली बलं यांचा जो हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला, त्याला प्रमाण प्रतिकृती म्हणतात. त्या मांडणीत इलेक्ट्रॉनसारखा प्रत्येक कण दोन प्रकारांनी येतो, डावा आणि उजवा. कण ज्या दिशेनं जातो तिच्याभोवती तो कसा फिरतो, यावरून ही नावं. कणाला वजन असायचं तर, या मांडणीत, डाव्याला उजव्याची साथ लागते. फक्त न्यूट्रिनो नावाचा एक कण असा, की त्याचा डावाच सापडतो. उजवा कुणी पाहिलेला नाही. म्हणून प्रमाण प्रतिकृती सांगायची, की न्यूट्रिनोला वजनच नाही.

काही जणांना हे पटत नव्हतं. त्यांनी मांडणी वाढवून पाहिली. ते म्हणाले, उजवा आहे, पण अतिशय जड आहे आणि कोणत्याच बलाला ओ देत नाही, म्हणून दिसत नाही. आणि तो जितका जड, तितका डावा हलका. हलका, पण शून्य नव्हे. मला ही मांडणी आवडली. पुरावा नव्हता. पण 'दिसत नाही म्हणून नाही' हे ऐकून घ्यायला ती तयार नव्हती, आणि मीही नव्हते.

त्या साली लेखी परीक्षा पुढं ढकलत ढकलत दिवाळीपर्यंत आली. तोंडी परीक्षा त्याच्याही पुढं. ती ठरली शनिवारी, आणि टोळीचा ट्रक निघणार होता सोमवारी. तोंडीच्या आधीच्या रविवारी मी घरी गेले.

घरी अडचण होती. मागच्या हंगामात मायच्या उजव्या खांद्याला मार बसला होता. तोडलेला ऊस बैलगाडीनं कारखान्यावर न्यायचा, आणि गाडी मागं जड झाली की पुढची धुरी, जुवाकडची दांडी, वर उचलते. आमच्याकडं त्याला गाडी उलार झाली म्हणतात. ती सरळ राहावी म्हणून कुणीतरी पुढं धुरीवर बसतं. आमच्या गाडीवर माय बसायची. एका नाल्यात चाक आदळलं आणि ती खाली आली. हात मोडला नाही, पण खांद्याच्या वर जाईना. डाव्या हातानं भाकरी थापायला ती शिकली. मोळी डाव्या हातानं चढत नाही.

मुकादम दारात बसून बशीत चहा ओतत होता. म्हणाला, "पोरी, यंदा तुझ्या बापापुढं अर्धा लाव."

"मग नेताल न्हवं त्यांना?"

"अर्धा नेऊन काय करू? कारखाना पुरा कोयता मागायलाय. तू हायेस की धडधाकट. तू चल, मग पुरा."

माय चुलीपासून म्हणाली, "ती न्हाई यायची. शनिवारी परीक्षा हाय तिची."

"झाली म्हनत व्हतीस की."

"लिहायची झाली. बोलायची राहिली."

"बोलायची व्हय? मग तिच्यात ही जन्मायच्या आधीच पास हाय."

माझे वडील, आबा, हसले. मी नाही. मुकादमानं विचारलं, "कशावर बोलनार?"

सांगितलं तर समजेल अशा बेतानं मी सांगितलं. एक बारीक कण आहे, आत्तासुद्धा आपल्या अंगातून असे लाखो जायलेत. बाकीच्यांची जोडी आहे, डावा आणि उजवा. ह्याचा फक्त डावा दिसतो.

"म्हंजे अर्धा कोयता," मुकादम म्हणाला. "त्याला बी कुनी घेईना आसंल."

"उजवा मेला का पळाला?" आबांनी विचारलं.

"कुणी पाहिलाच न्हाई, आबा. काही जण म्हणतात की हाय, पण लय जड हाय. तो जड म्हणून हा हलका."

आबांनी हाताचा पंजा आडवा धरून एका बाजूनं वर उचलला. "उलार," ते म्हणाले. "धुरी वर गेली म्हंजे मागं वजन हाय. ते बघायला मागं कशाला जायचं?"

सायक्लोस्टाइल नोट्समध्ये हीच गोष्ट नऊ पानांत होती. मी तिथल्या तिथं वहीत लिहून घेतली.

मग आबांनीच तोड काढली. म्हणाले, पोरगी शनिवारी पास झाली तर पालमच्या शाळेत अकरावी-बारावीला शिकवायची जागा तिला कबूल झालेली आहे. ती तिकडं जाईल, आणि मी यंदा गावात मिळंल ते काम करीन. नापास झाली तर सोमवारी ती माझ्यासंगं ट्रकमध्ये बसंल. "माझा शब्द हाय," ते मुकादमाला म्हणाले. मला कुणी विचारलं नाही. हंगाम बुडाला तर घरात काय शिजेल हे मला ठाऊक होतं, म्हणून मीही बोलले नाही. पण मनात एक ओळ लिहून ठेवली: ट्रकमध्ये बसायचं नाही.

तसा प्रबंध आधीच टाइप होऊन बांधला गेला होता. बसस्टँडसमोरच्या टायपिंगवाल्याकडून मी तो करून घेतला होता. पान सतरावर प्रमाण प्रतिकृतीतल्या कणांचं कोष्टक होतं. ते मी ज्या पद्धतीनं याद्या करत आले त्याच पद्धतीनं केलं होतं. इलेक्ट्रॉन, पुढं एक. म्यूऑन, पुढं एक. न्यूट्रिनो, पुढं अर्धा. टाइपरायटरवर अर्ध्याची तयार कळ असते, त्यामुळं टायपिंगवाल्यालाही अडलं नाही. सरांनी प्रबंध दोनदा तपासला होता. तेही कोयत्याच्याच मुलखातले, त्यांच्या डोळ्यालाही तो अर्धा खुपला नाही.

शनिवारी बाहेरून आलेले परीक्षक उंच, चष्मेवाले, कमी बोलणारे. त्यांनी चहा नाकारला, बिस्किटं नाकारली, प्रबंध उघडला आणि पान सतरावर थांबले.

"हा अर्धा काय आहे?"

मी म्हणाले, "न्यूट्रिनोचा फक्त डावा असतो, म्हणून अर्धा."

"कण अर्धा असतो का? असतो किंवा नसतो." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "ही टायपिंगची चूक आहे का?"

सरांनी माझ्याकडं पाहून मान किंचित हलवली. हो म्हण, असा तो इशारा होता. हो म्हटलं असतं तर दोन मार्क गेले असते आणि गाडी पुढं सरकली असती. पण चूक टायपिंगवाल्याची नव्हती. ज्या माणसानं सव्वीस पानं बिनचूक टाइप केली, त्याच्या माथी मी ती मारणार नव्हते.

"नाही सर. मी विचार करून लिहिलंय."

"मग तो विचार सांगा."

मी उभी राहिले आणि कोयता सांगितला. दोघं मिळून एक ओळ, एकटा तो अर्धा. आमच्याकडं बारा वर्षं मी असं मोजते, असंही सांगितलं. सर खिडकीबाहेर बघू लागले. परीक्षक मात्र शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"डावा इलेक्ट्रॉन आणि उजवा इलेक्ट्रॉन एकच काम करतात का?"

"नाही सर. दुर्बल बल फक्त डाव्याला ओळखतं. उजव्याला ओळखत नाही."

"म्हणजे दोघं वेगळे. सगळी प्रमाण प्रतिकृती या वेगळेपणावर उभी आहे. मग तुम्ही त्यांना एका ओळीत का कोंबलंय?"

हे मी पान नऊवर स्वतःच लिहिलं होतं, आणि पान सतरावर विसरले होते. विसरलेही नव्हते. दोघांना एका नावाखाली धरायची सवय इतकी जुनी होती, की हात आपोआप तसा चालला होता.

मी म्हणाले, "चुकलं. दुरुस्त करू का?"

"करा."

मी फळा पुसला. डावा इलेक्ट्रॉन, एक. त्याच्या खाली उजवा इलेक्ट्रॉन, एक. म्यूऑनच्या दोन ओळी. मग डावा न्यूट्रिनो आला आणि मी थांबले, कारण आता त्याच्यापुढं अर्धा लिहिता येत नव्हता. एकट्याची स्वतंत्र ओळ असेल तर तो पूर्ण एक होता. पहिल्यापासूनच होता. मी एक लिहिला. त्याच्या खाली उजवा न्यूट्रिनो असं लिहिलं आणि पुढची जागा रिकामी सोडली.

"ही ओळ काढा," परीक्षक म्हणाले. "प्रमाण प्रतिकृतीत ती नाही."

"माझा विषय पलीकडचा आहे, सर. बैलगाडी उलार होऊन धुरी वर गेली म्हणजे मागं वजन आहे, ते दिसलं नाही तरी."

"पुरावा?"

"नाही."

"आणि तो कधीच सापडला नाही तर?"

"तर जागा रिकामी राहील. पण ओळच काढली तर तिथं कुणी बघणार नाही."

सर आता खिडकीकडं बघत नव्हते. परीक्षकांनी पेनचं टोपण लावलं. म्हणाले, "कोष्टकाचे मार्क कापतो आहे."

"कापा सर."

"बाकीचं ठीक आहे. उलार गाडीचं उदाहरण कुठून घेतलंत? संदर्भसूचीत नाही."

"वडील सांगतात."

"मग सूचीत घाला," ते म्हणाले आणि बिस्किटांची बशी स्वतःकडं ओढली.

पास झाले. फार वर नाही, पण पास. सरांनी फाटकापर्यंत येऊन एवढंच म्हटलं, "मी हो म्हण म्हणत होतो."

"दिसलं, सर."

संध्याकाळच्या एस.टी.त बसून मी फळ्यावरची दुरुस्ती वहीत उतरवली, आणि गंगाखेड यायच्या आत मला टोळीची यादी नीट दिसली. बारा वर्षं, दर वर्षी तीन प्रती, आणि एकाही प्रतीत मायचं नाव मी लिहिलं नव्हतं. ती अर्धी नव्हती. तिची ओळच नव्हती. म्हणून तर तिच्या जागी मला बसवणं मुकादमाला इतकं सोपं वाटलं. ज्या जागेला नाव नाही तिथं कुणीही चालतं.

रविवारी सकाळी मुकादम कोरे कागद आणि कार्बन घेऊन आला. नावं सांगू लागला. मी पहिलं नाव लिहिलं आणि विचारलं, "ह्यांच्या बायकोचं नाव काय?"

"कशाला?"

"ओळ लिहायची हाय."

"दोन वळी? एका कोयत्याला?"

"माणसं दोन हायेत."

"अगं, कागद पुरायचा न्हाई."

"मी दस्ता आणलाय परभणीहून."

तो चिडला. रीत न्हाई, कारखान्यावर हसतील, साहेब फेकून देईल, असं बरंच बोलला. मी ऐकून घेतलं. मग पेन त्याच्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "मग तुमी लिहा." दुसरं लिहिणारं गावात त्या दिवशी कुणी नव्हतं, आणि ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी होता. त्यानं पेन माझ्याकडं परत सरकवलं. बायकांची नावं त्याला ठाऊकच नव्हती. अमक्याची बायको, तमक्याची सून, एवढंच तो सांगू शकला. घरोघर निरोप गेला. दुपारपर्यंत आमच्या ओसरीवर बायका येऊन आपापलं नाव सांगून जात होत्या. एकीनं सासरचं सांगितलं, मग परत येऊन म्हणाली, माहेरचं लिही, ते माझं हाय.

शेवटी आमच्या घराची पाळी आली. आबांचं नाव लिहिलं, पुढं एक. मुकादम म्हणाला, "अर्धा."

"आता अर्धा कुणालाच न्हाई. ह्यांना गाडीवर घ्या. उलार गाडी आबांइतकी कुणाला सांभाळता येते, सांगा."

त्यानं मान डोलावली, कारण ते खरं होतं. बैलही आबांचंच ऐकत. मी खालच्या ओळीत मायचं नाव लिहिलं, आणि पुढं आकड्याच्या जागी काही लिहिलं नाही.

"हे कुनासाठी सोडलं?"

"कुणासाठीच न्हाई. ती तिची जागा हाय. यंदा ती न्हाई, म्हणून रिकामी. तिथं मी बसणार न्हाई आन् दुसरं बी कुणी न्हाई."

माय दारात उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "कोणचं माझं?" मी बोट ठेवलं. तिनं डाव्या हाताचं बोट त्यावर ठेवून पाहिलं, शाई ओली होती, बोटाला लागली. तिसऱ्या प्रतीवर तो डाग नाही, कारण कार्बनमधून डाग उतरत नाही. मूळ प्रत कारखान्यावर गेली. ती कुणी फेकली की ठेवली, मला कळलं नाही.

सोमवारी ट्रक आबांना घेऊन गेला. मी आणि माय त्याच आठवड्यात पालमला खोली घेऊन राहिलो. मायनं तिथं शेजारणींना पहिल्या दिवशी स्वतःचं नाव सांगितलं, माझी आई म्हणून नाही. आबांचा तो शेवटचा हंगाम ठरला. पुढच्या वर्षी मुकादम यादीसाठी पालमला आला. कागद लांबच लांब आणला होता.

विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पुढं कितीतरी वर्षं चालला आणि एकदाचा सुटला. एका नावासाठी एवढं कशाला, असं शिक्षकांच्या खोलीत त्याही दिवशी कुणीतरी म्हणालंच. यावेळी माझ्याकडं उत्तर होतं. फाइल उघडून तिसरा कागद मी टेबलावर ठेवला.

त्यानंतर काही वर्षांनी वर्तमानपत्रात एक लहान बातमी आली. डोंगराखाली पाण्याची प्रचंड टाकी बांधून परदेशातल्या शास्त्रज्ञांना न्यूट्रिनोला वजन असल्याचं कळलं होतं. अगदी थोडं, पण शून्य नव्हे. मी ती मायला वाचून दाखवली. ती गवारीच्या शेंगा मोडत होती, एका हातानं.

"आन् उजवा?" तिनं विचारलं.

"तो न्हाई सापडला अजून."

"मग ती वळ खोडू नको," ती म्हणाली आणि शेंगांचं ताट माझ्याकडं सरकवलं. "धर, ह्या बाकीच्या तू मोड."